कॅसेटमधला एक शब्द

आपल्या निवासी शाळेला पंचवीस वर्षे पूर्ण होत असताना निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी ‘इतिहासाचे अध्यापन : काही अनुभव’ या विषयावर मी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. त्याप्रमाणे दोन पाने लिहूनही झाली होती. परंतु ती वाचून पाहिल्यावर लक्षात आले, की इतिहास म्हणजे काय, याविषयी अलीकडे मला जे खरोखर शिकावयास मिळाले, ते कोणत्याही ग्रंथातून मिळालेले नाही. ते एका जुन्या, खरखरणाऱ्या गाण्यातून मिळाले. म्हणून ती दोन पाने बाजूला ठेवली आणि हा लेख लिहीत आहे. संपादकांनी व वाचकांनी या विषयांतराबद्दल उदार अंतःकरणाने क्षमा करावी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. संध्याकाळची वंदना आटोपल्यावर आठवी-नववीची मुले सभागृहात जमली होती. समूहनृत्यासाठी गाणे निवडावयाचे होते. वसतिगृहाच्या अधीक्षकांचा मोबाईल ध्वनिक्षेपकाला जोडलेला होता आणि मुले यूट्यूबवर एकामागून एक भीमगीते लावून पाहत होती. बहुतेक गाणी डीजेच्या ठेक्यावर बसवलेली. मी कोपऱ्यात उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. एक गाणे संपले आणि त्यामागे, कोणी न लावताच, दुसरे सुरू झाले. पडद्यावर चित्र नव्हते. एका जुन्या कॅसेटच्या वेष्टनाचे छायाचित्र तेवढे होते, आणि त्यावरचे गायकाचे नाव पुसलेले होते. आधी फितीची खरखर, मग बुलबुलतरंग, मग ढोलकी. पहिला सूर लागला आणि माझ्या हातातील लाल पेन थांबला.

हे गाणे मी तीस वर्षे ऐकलेले नव्हते. त्याचा विषय अगदी साधा. पहाटे आई लेकराला अभ्यासासाठी उठवते आणि स्वतः दिवा लावून त्याच्याजवळ बसते. बाबासाहेबांसारखे शीक, म्हणते. ना कवीचे नाव मोठे, ना गायकाचे. मराठवाड्यातील एखाद्या गायन पार्टीने कधीतरी ध्वनिमुद्रित केलेली ती कॅसेट असावी. मी शब्द न् शब्द मनात पुढे म्हणत होतो. दुसऱ्या कडव्यात मात्र एका ठिकाणी ठेच लागली. गाणे एका वाटेने गेले, माझे मन दुसऱ्या. काय चुकले ते कळण्यापूर्वीच एक मुलगा म्हणाला, “सर, यात लई खरखर आहे. दुसरं लावू का?” मी “लाव” म्हणालो. मुलांसमोर मला तेथे अधिक वेळ बसवले नसते.

१९८६-८७ च्या सुमारास आमच्या किल्लारीच्या घरात टेपरेकॉर्डर आला. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, हंगामात साखर कारखान्यावर काम करीत आणि उरलेले वर्ष मिळेल त्या कामावर जात. एका हंगामाच्या शेवटी त्यांनी लातूरहून तो आणला. एका स्पीकरचा, वर उचलावयाची मूठ असलेला. घरात विजेचा एक बल्ब होता, पण वीज बेभरवशाची. म्हणून टेप बहुधा सेलवर चाले. सेल उतरले, की माय ते उन्हात वाळत घाली, म्हणजे आणखी दोन-तीन गाणी निघत. फीत बाहेर आली, तर पेन्सिल घालून ती गुंडाळण्याचे काम माझे. कॅसेटी एका पत्र्याच्या पेटीत असत. चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला कोणी जाऊन आले, की दोन-चार कॅसेटी आणि गाण्यांच्या लहान पुस्तिका घेऊन येई. मग एकाची कॅसेट दहा घरी फिरे.

आमच्या वस्तीत तेव्हा वर्तमानपत्र एकच येई आणि तेही सर्वांना वाचता येत नसे. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पुणे करार, नागपूरचे धम्मचक्र प्रवर्तन हे सारे मी पाठ्यपुस्तकात वाचण्याच्या किती तरी आधी गाण्यांत ऐकलेले होते. या परंपरेचा उगम आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावा म्हणून थोडे सांगतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या विचारांच्या प्रसारासाठी पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा घ्यावयाचा, त्यातील शृंगार आणि पुराणकथा काढावयाच्या, आणि त्या जागी शिक्षण, स्वाभिमान आणि सावकार-भटशाहीची चिकित्सा घालावयाची, अशी ती रीत होती. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलशांना रूप दिले. गणातील गणपतीची जागा बाबासाहेबांच्या वंदनेने घेतली. आपली भाषणे जेथे पोहोचत नाहीत तेथे जलसे पोहोचतात, याची जाणीव स्वतः बाबासाहेबांना होती, असे जुने कार्यकर्ते सांगत.

आमचा भाग तर निजामाच्या राज्यातला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे सभा-चळवळीला मोकळीक अशी नव्हती. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले, त्याच्या आठवणी माझ्या आजीच्या पिढीपर्यंत गाण्या-गोष्टींतूनच आल्या होत्या. आजीला अक्षरओळख नव्हती. पण बाबासाहेब कुठे आले, काय म्हणाले, त्या दिवशी लोक कसे चालत गेले, हे तिला गाण्याच्या चालीवर पाठ होते.

माझी धाकटी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. घरात सारे तिला ‘बाई’च म्हणत. पेटीतील सर्व कॅसेटी तिला मुखोद्गत होत्या. शाळेतून आली, की दप्तर टाकून आधी टेपजवळ. वर लिहिलेले आईचे गाणे तिचे सर्वांत आवडते. ती दहा वर्षांची असताना दादांनी साठ मिनिटांची एक कोरी कॅसेट आणली. दोन बटणे एकदम दाबावयाची, त्यांपैकी एकावर लाल ठिपका, आणि मग कोणी खोकावयाचेसुद्धा नाही, असा दंडक. दादा डबा वाजवत, बाई गाई, आजी मध्येच टाळी चुकवी. त्या कॅसेटवर मागून कोंबडा आरवल्याचा आणि मायने त्याला हाकलल्याचाही आवाज आला होता. ती कॅसेट आम्ही पाहुण्यांना हटकून ऐकवत असू. वेष्टनावर मी निळ्या शाईने बाईचे नाव आणि तारीख लिहिली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने केलेली ती माझी पहिली नोंद.

त्या वर्षांतच दादांनी घर बांधले. पूर्वीचे घर कुडाचे. दादांना दगडी भिंतींचे, माळवदाचे घर हवे होते; गावातील मोठ्यांची घरे तशी असत. दोन-अडीच फूट जाडीच्या, दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राही. पुढे पत्र्याची पडवी. दादा भिंतीवर हात फिरवून म्हणत, “आता आपल्याला कोणी कुडातले म्हणणार नाही.”

१९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारी परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले होते, लहान हादरे बसत होते. लोक काही दिवस बाहेर निजत आणि पुन्हा आत जात. मी तेव्हा औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठात एम.ए.च्या वर्गात शिकत होतो. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जनाची धामधूम झालेली, लोक उशिरा निजलेले. त्या पहाटे काय झाले, ते या भागातील वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. ज्या विद्यार्थ्यांचा जन्म नंतरचा, त्यांना त्यांच्या घरांतून कळलेलेच आहे. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे उद्ध्वस्त झाली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आढळतो. भूकंपाने मारले असे आपण म्हणतो, परंतु माणसे गेली ती बहुतांशी दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदे अंगावर कोसळल्याने. ज्या घरांचा अभिमान होता, त्याच घरांनी माणसे गिळली.

लामजन्याच्या पुढे मी पायी गेलो. पाऊस सुरू झाला होता. गाव कोठे सुरू होते, तेच कळत नव्हते. दादा आणि माय पत्र्याच्या पडवीत निजले होते, म्हणून वाचले. आजी आणि बाई आत होत्या. बाई पंधरा वर्षांची होती.

पत्र्याची पेटी सापडली नाही. ती शोधण्याचे त्या दिवसांत कोणाच्या मनात येणेही शक्य नव्हते. लोक माणसे शोधत होते. नंतर, तात्पुरत्या शेडमध्ये राहात असताना, एका सायंकाळी माय सहज म्हणाली, “आवाज तरी राहिला असता.” दादा उठून बाहेर गेले. नवे गाव वसले, भूखंडाच्या क्रमांकाचे नवे घर मिळाले, दादा २००९ पर्यंत जगले. पण त्या दिवसानंतर त्यांनी गाणे म्हटले नाही आणि घरात टेपरेकॉर्डर आणला नाही.

मी परत औरंगाबादला गेलो. तो काळ नामांतराच्या लढ्याच्या शेवटच्या टप्प्याचा होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, ते माझ्या लहानपणीचे. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचे नाव आम्हाला गाण्यांतूनच माहीत झाले होते. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या रात्री औरंगाबादेत जागोजागी ध्वनिक्षेपक लागले होते आणि सर्वत्र तीच गाणी वाजत होती, जी आमच्या पेटीत होती. मित्र नाचत होते. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर बाबासाहेबांचे नाव येणार, याचा आनंद मलाही होता. तरीही मी वसतिगृहाच्या खोलीत जाऊन खिडकी लावून घेतली.

त्यानंतर तीस वर्षे जयंतीत, परिनिर्वाण दिनी, लग्नांत ही गाणी कानांवर पडत राहिली. मी ती ऐकत नसे. ती पडत असत, एवढेच. शोधून ऐकावे असे कधी वाटले नाही. त्या एप्रिलच्या संध्याकाळनंतर मात्र मी रोज रात्री, अभ्यासिकेचा तास संपल्यावर, कानांत इअरफोन घालून बसू लागलो. हा सारा ठेवा कोणत्याही शासकीय अभिलेखागाराने जपलेला नाही. कोणा तरुणाला वडिलांच्या माळ्यावर कॅसेटींचे खोके सापडते, तो एक तार जोडून त्या संगणकात उतरवतो आणि यूट्यूबवर चढवतो. वामनदादा कर्डकांचा उतारवयातील, थकलेला तरी ठाम आवाज मला तेथे मिळाला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस शाळेत न जाता, मोठेपणी अक्षरे शिकला, गिरणीत राबला, आणि हजारो गीते लिहून गेला. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह आपल्या ग्रंथालयात आहेत. प्रल्हाद शिंदे यांचा तो पहाडी आवाज मिळाला. ही दोन्ही माणसे २००४ या एकाच वर्षी गेली. विठ्ठल उमप मिळाले, ज्यांनी २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच प्राण ठेवला.

या ठेव्यात गोंधळही पुष्कळ आहे. एकाचे गाणे दुसऱ्याच्या नावावर, गायकाचे नाव आहे तर कवीचे नाही, वर्ष तर जवळजवळ कोठेच नाही. येथे आपल्या शाहिरांची एक जुनी रीत उपयोगी पडते. वामनदादा शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतात. संतांच्या अभंगांत नामदेव, तुकाराम, चोखामेळा यांची नाममुद्रा असते, तीच ही रीत. ज्यांच्या हाती छापखाना नव्हता, त्यांनी स्वतःचे नाव गाण्यातच शिवून ठेवले. नाव पुसावयाचे, तर कडवेच गाळावे लागेल.

गेल्या हिवाळ्यात तैवानहून काही उपासक आपली शाळा पाहण्यास आले होते, हे अनेकांना आठवत असेल. त्यांच्यातील एक वृद्ध गृहस्थ रात्री जेवणानंतर माझ्याजवळ बसले. त्यांचे इंग्रजी मोडके, माझेही तसेच. मी काय ऐकतो आहे, असे त्यांनी विचारले. मी त्यांना एक जुने भीमगीत ऐकवले. ते डोळे मिटून बसले. मग त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला आणि एका स्त्रीचे गाणे लावले. अतिशय मृदू, कानाशी बोलावे तसा आवाज. मागे आमच्या कॅसेटीसारखीच खरखर. ती गायिका तेरेसा तेंग. १९५३ मध्ये तैवानमध्ये जन्मलेली, १९९५ मध्ये थायलंडमध्ये दम्याच्या विकाराने अकाली गेलेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या गाण्यांच्या नकललेल्या कॅसेटी चीनच्या मुख्य भूमीवर हातोहात फिरू लागल्या. तेथील अधिकृत मतानुसार अशी प्रेमगीते अधःपतनाची खूण होती. लोक तरीही दारे लावून ती ऐकत. चीनचे नेते तेंग श्याओफिंग आणि ही गायिका यांचे आडनाव एकच, म्हणून लोक गमतीने म्हणत, की दिवसा थोरल्या तेंगचे ऐकावे आणि रात्री धाकटीचे.

त्या गृहस्थांचे वडील १९४९ मध्ये मुख्य भूमीवरून तैवानला आलेले सैनिक. मागे राहिलेल्या कुटुंबाशी भेटी १९८७ नंतरच शक्य झाल्या. तेव्हा ते वडिलांबरोबर गेले आणि चुलतभावाला प्रथमच भेटले. दोघांना एकमेकांशी काय बोलावे, ते सुचेना. शेवटी चुलतभावाने कपाटातून एक झिजलेली कॅसेट काढली. तीच गाणी. आता ते दोघेही म्हातारे झाले आहेत, भाऊ आजारी असतो. आणि दोघे एकमेकांना या जुन्या गाण्यांचे दुवे पाठवतात, दुसरे काही लिहीत नाहीत. मी त्यांना विचारले, आता ऐकताना गाणी तशीच वाटतात का? ते थोडा वेळ थांबून म्हणाले, गाणी तशीच आहेत, पण भावाच्या कॅसेटमध्ये एका ठिकाणी फीत अडकत असे, आणि मोबाईलवर गाणे त्या ठिकाणी आले, की ते दर वेळी तेथे अडकण्याची वाट पाहतात.

ते झोपावयास गेल्यावर मी ते आईचे गाणे पुन्हा लावले. दुसऱ्या कडव्यापाशी, जेथे मला ठेच लागे, तेथे या वेळी थांबवून थांबवून ऐकले. त्या गायकाच्या मुखी शब्द होता ‘दिवा’. माझ्या मनातील गाण्यात तेथे ‘चिमणी’ होती. आतापर्यंत मी समजत होतो, की आमच्या पेटीतील कॅसेट दुसऱ्या पार्टीची असावी, पाठभेद असावा. परंतु ‘दिवा’ची मात्रा चालीत बरोबर बसत होती. ‘चिमणी’ची एक मात्रा अधिक होते; ती बसवावयाची तर शब्द भरभर म्हणून टाकावा लागतो. आणि माझ्या कानात तो शब्द तसाच, भरभर, जवळजवळ धावत येई.

शनिवारी मी किल्लारीला गेलो. माय आता पंचाहत्तरीला टेकली आहे. दृष्टी कमी झाली आहे, कान चांगले आहेत. तिला काहीही न सांगता मी मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला आणि गाणे लावले. मनात धाकधूक होती; तीस वर्षांत आमच्या घरात हे गाणे वाजलेले नव्हते. ती हलली नाही. पहिले कडवे झाले. दुसरे सुरू झाले, तो शब्द आला, आणि तिने पटकन हात वर केला.

“थांबीव. हे काय म्हणायलेत रे? तिथं चिमणी हाय की. ह्यानं चुकीचं म्हणलं.”

मी म्हणालो, “माय, हीच खरी कॅसेट आहे.”

“असंल. पर चुकलाय त्यो.” मग थोड्या वेळाने ती म्हणाली, “तुझे दादा बी लई डाव सांगायचे, बाई, दिवा म्हण, दिवा म्हण. तर ती म्हणायची, दिवा कुठाय आपल्या घरात? चिमणीच हाय की. आन् तसंच म्हणायची.”

मी त्या वेळी घरात होतो की नाही, मला आठवत नाही. पण घासलेटच्या त्या चिमणीवर मी दहावीचा अभ्यास केला, हे आठवते. वीज जाई तेव्हा बाई ती पेटवून माझ्या पुस्तकाजवळ आणून ठेवी आणि काजळी पुसावयास चिंधी घेऊन बसे. तिने गाण्यात आमचे घर घातले होते. मूळ गाणे मला मोबाईलवर परत मिळाले. बाईची कॅसेट जुन्या किल्लारीच्या मातीत आहे. तिच्या आवाजातील जे काही आता या जगात उरले आहे, ते म्हणजे मायच्या आणि माझ्या कानांत राहून गेलेली ही एक अधिक मात्रा.

एम.ए. करताना मला पुराव्याचे शास्त्र शिकवले गेले, ते कागदाचे होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांतील दप्तरे गोळा करीत हिंडले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. वाळवी लागलेल्या कागदासाठी तो माणूस किती तळमळत असे, हे वाचून मी भारावलो होतो आणि आजही तो आदर कायम आहे. परंतु राजवाडे ज्या वाड्यांत गेले, ते कोणाचे होते? आमच्या वस्तीत रुमालात बांधलेले दप्तर नव्हते. आमचे दप्तर गळ्यात होते. आणि ते वाहणारी माणसे गेली, की दप्तर जाते. पुण्यातील गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी हे ओळखले आणि सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या मराठवाड्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरील ओव्या १९९६ मध्ये त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या; त्या आज कोणालाही इंटरनेटवर ऐकता येतात, गाणाऱ्या स्त्रीच्या नावासह आणि गावासह. जेथे असे कोणी पोहोचले नाही, तेथील किती आवाज गेले, याची मोजदाद कोण करणार?

म्हणून गेल्या वर्षापासून आपल्या शाळेत एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. आपली अनेक मुले ऊसतोड कामगारांच्या घरची. दिवाळीनंतर आई-वडील फडावर जातात, मुले येथे राहतात. उन्हाळी सुट्टीत घरी गेल्यावर प्रत्येकाने आजीचे, आईचे किंवा शेजारच्या एखाद्या वृद्धाचे एक गाणे मोबाईलवर उतरवून आणावयाचे आणि वहीत पाच गोष्टी लिहावयाच्या : गाणाऱ्याचे नाव, गाव, वय, गाणे कोणाकडून शिकले, आणि उतरवल्याची तारीख. आतापर्यंत साठेक नोंदी झाल्या आहेत. सहावीच्या एका मुलीने आईचे गाणे थेट पालावरून आणले. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज आहे. “सर, तो काढून टाकता येतो,” असे एक मुलगा म्हणाला. मी त्याला काढू दिला नाही. शब्द चुकला असेल, तरी दुरुस्त करावयाचा नाही, असाही नियम आम्ही केला आहे. मूळ शब्द समासात लिहावा, गाणाऱ्याचा शब्द ओळीत राहू द्यावा.

वहीतील पहिली नोंद माझ्या मायची आहे. ३० सप्टेंबरला आम्ही दरवर्षीप्रमाणे जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी जाऊन आलो. घरी आल्यावर ती स्वतःच म्हणाली, “लाव तुझं यंत्र.” आवाज फाटतो, दम पुरत नाही, दुसऱ्या कडव्यात तर ती मध्येच थांबून पाणी पिते. ‘कोणाकडून शिकले’ या रकान्यात काय लिहू, असे मी तिला विचारले. तिने दादांचे नाव सांगितले नाही, कॅसेटचेही नाही. “बाईकडून,” ती म्हणाली. तसेच लिहिले आहे.

ते गाणे यूट्यूबवर चढवावे का, हे मायने अजून ठरवलेले नाही. तोवर ज्या माजी विद्यार्थ्यांकडे घरी जुन्या कॅसेटी असतील, त्यांनी त्या फेकून देऊ नयेत. बुरशी लागली असली, तरी शाळेत आणून द्याव्यात. आपल्या प्रयोगशाळेत एक टेपरेकॉर्डर दुरुस्त करून ठेवला आहे आणि तो चालतो.

जयभीम.